गाय येईपर्यंत

मुलाने नवा स्मार्टफोन घेतला तेव्हा सगळ्यांत आधी त्याने अलार्मला स्वतःचं आवडतं गाणं लावलं. मी म्हणालो, "आवडतं लावू नकोस. दुसरं कुठलंही लाव."

"का? आवडतं गाणं ऐकत उठलं तर दिवस चांगला जाईल की."

त्याचं म्हणणं वरवर पाहता बिनचूक होतं. मी शाळेत गणित शिकवलं आहे. एखादं विधान का चुकतं ते मला सहसा सांगता येतं. इथे एका वाक्यात सांगता येईना. मी एवढंच म्हणालो, "यमुनाताई असत्या तर त्यांना विचारलं असतं."

"भिंतीपलीकडच्या?"

भिंतीपलीकडच्याच. आमच्या आणि त्यांच्या घराला मिळून एकच भिंत होती, साडेचार इंची, अर्ध्या विटेची. अशा भिंतीतून काय ऐकू येतं आणि काय येत नाही, याचा मला बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. भांडं पडलेलं ऐकू येतं, बोलणं शब्दशः कळत नाही पण सूर कळतो, आणि गाणं मात्र जवळजवळ पूर्ण ऐकू येतं. पलीकडे माणूस एकटं असलं की त्या भिंतीतून फार थोडं यायचं. पुढे जे लिहितो त्यातला काही भाग मी पाहिलेला आहे, काही बायकोने, कुसुमने, सांगितलेला आहे, आणि उरलेला भिंतीतून ऐकलेला आहे.

यमुनाताई खिल्लारे हिंगोलीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, सुती साडी, आणि डाव्या कानाची पाळी उजव्यापेक्षा किंचित सपाट. "कानाला फोनचं यंत्र लावून लावून बसली," असं त्या सांगत. खरं की थट्टेने, हे मला ठरवता आलं नाही. त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. फोनवर त्या शुद्ध बोलत: "नमस्कार, आपल्याला कोणता क्रमांक हवा आहे?" फोन खाली ठेवला की, "काहून गं, आज भाजीवाली आलीच न्हाई का?" दोन्ही वाक्यांच्या मध्ये श्वास घेण्याइतकीही जागा नसे.

लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, त्या परत आल्या होत्या. एवढं गल्लीला माहीत होतं आणि एवढ्यावर गल्ली थांबली होती. घरात बुद्धाची लहान मूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो, एक पलंग, एक टेपरेकॉर्डर. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून मूर्तीपुढे मेणबत्ती लावत आणि खीर आमच्याकडे पाठवत. खिरीचं भांडं परत करताना त्यात काही घालून द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

मी सांगतो आहे तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती आणि फोन मोजक्याच घरांत होते. पहाटे उठायचं असलं की लोक आदल्या संध्याकाळी टेलिफोन ऑफिसला सांगून ठेवत, अमक्या नंबरला सकाळी घंटी द्या. परीक्षेची पोरं, नांदेडला दवाखान्यात निघालेले, अकोल्याची गाडी पकडणारे व्यापारी. घंटी द्यायचं काम ज्याची ड्यूटी असेल त्याचं. बाकीचे ऑपरेटर घंटी देत, पलीकडून "हां" आलं की फोन ठेवत. ताईही आधी तसंच करत.

मग आडतीच्या दुकानाच्या एका शेठजींची गाडी चुकली. ताईंनी घंटी दिली होती, शेठजी "हां, उठलो" म्हणाले होते, आणि फोन ठेवून त्यांनी कूस बदलली होती. दुपारी शेठजी तरातरा ऑफिसात आले.

"बाई, तुमी उठवलं न्हाई."

"उठवलं की. तुमी व्हय म्हनलात."

"झोपेतला मानूस काहीबी म्हनतो. त्याचं तुमी खरं धरता?"

"मग काय घरी येऊन पांघरून ओढू?"

ऑफिस हसलं. शेठजी चिडून गेले. ताई मात्र हसल्या नाहीत, कारण शेठजींचा मुद्दा त्यांना पटला होता. झोपेतल्या माणसाच्या "हो"ला किंमत नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि त्या दिवसापासून स्वतःचा एक नियम केला. घंटी दिल्यावर त्या विचारत, "तांब्या जवळ आहे का? चूळ भरा. मी ऐकते."

आणि खरोखर ऐकत. तोंडातलं पाणी खळखळल्याचा आवाज कानाच्या यंत्रात आल्याशिवाय त्या लाइन सोडत नसत. तोंडात पाणी घेऊन, उठून बसून, ते खळखळवून जो माणूस मोरीपर्यंत गेला तो पुन्हा झोपत नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेबात मला चूक सापडली नाही. गावातल्या फोनवाल्या घरांत निजताना फोनशेजारी पाण्याचा तांब्या ठेवायची पद्धत पडली. बाहेरगावचा पाहुणा विचारायचा, हे काय? यजमान सांगायचे, ते ताईंसाठी.

नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांनी फोनवरच ताईंना सुनावलं. "तुम्हाला माहीत आहे का, मी कोण आहे?"

"माहीत आहे, साहेब. चूळ भरा."

साहेबांनी भरली. पुढे बदली होऊन गेले तेव्हा ऑफिसात येऊन ताईंना भेटून गेले, असं ऐकलं. मी पाहिलं नाही.

मी स्वतः मात्र भरलेली आहे. पेपर तपासायला औरंगाबादला जायचं होतं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला बसून मला फोनवर चूळ भरायला लावत होत्या आणि अंथरुणातली कुसुम तोंडात पदर कोंबून हसत होती.

या सगळ्या गावाला उठवणाऱ्या बाईंना कोण उठवत होतं? कोणी नाही. त्यांच्याकडे गजराचं घड्याळसुद्धा नव्हतं. "ड्यूटी असली की डोळे आपोआप उघडतात," त्या म्हणायच्या.

आता गाण्याबद्दल. ते गाणं फार गाजलेलं नव्हतं. आमच्या भागात रेडिओवर कधीमधी लागायचं, आणि नरसीच्या जत्रेत एका दुकानात त्याची कॅसेट ताईंना मिळाली होती. संध्याकाळचं गाणं होतं. एक बाई दारात उभी आहे, गुरं रानातून परत येत आहेत, ती एकेक मोजते आहे आणि एक गाय कमी भरते आहे. पहिल्या कडव्यात एवढंच. मग अंधार पडतो, शेजारणी दारं लावून घेतात, ही उभीच. सगळ्यात शेवटच्या कडव्यात लांबून गळ्यातल्या घंटेचा आवाज येतो आणि गाणं संपतं. गाय दारात आलेली गाण्यात दाखवलेली नाही, फक्त घंटा आहे. पण ताई म्हणायच्या, गाय येते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झालं की त्या दार लावून टेपरेकॉर्डर सुरू करत. पलंगावर पाय वर घेऊन बसत आणि संपेपर्यंत हलत नसत. हे मी भिंतीमुळे नाही, कुसुममुळे सांगू शकतो. एकदा ती हुरडा घेऊन गेली आणि दार वाजवलं. आतून आवाज आला, "थांब गं जरा. गाय येऊ दे."

कुसुम उन्हात उभी राहिली. गाय आली, मग दार उघडलं.

कुसुमने त्यांना विचारलं होतं, या गाण्याचा तुमच्याशी काही संबंध आहे का. मी विचारलं नसतं. ताईंनी तिच्याकडे, ती वेडी असावी तसं पाहिलं. "संबंध काय असतो? चांगलं गाणं हाय. गाय घरी येती."

पुढे टेलिफोन ऑफिसात नवं यंत्र आलं. लोकांनी आपल्या फोनवर आकडे दाबायचे, ठरल्या वेळी यंत्रच घंटी देणार. यंत्र चूळ मागत नव्हतं. ताईंना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे त्यांनी उरलेली नोकरी काढली आणि निवृत्त झाल्या. तोवर हिंगोली जिल्हा झाली होती आणि फोन घरोघरी, मग खिशाखिशात आले होते.

निवृत्तीनंतर एक गोष्ट घडली जिची त्यांना लाज वाटायची. त्यांना जाग येईना. उन्हं खिडकीत आली तरी दुधाची पिशवी दाराच्या कडीला लटकलेली असायची. कुसुम काळजीने दार वाजवायची आणि ताई पदर सावरत, ओशाळून उघडायच्या.

"तब्येत बरी आहे ना ताई?"

"तब्येतीला काय धाड भरली. डोळे उघडतात गं. उघडून बघतात, अन् पुन्हा मिटतात. काहून उठावं, हे त्यांना कळून न्हाई राहिलं."

"मी सकाळी भिंत वाजवत जाऊ का?"

ताईंनी नकार दिला. "न्हाई. एखाद्या दिवशी तू इसरशील, अन् मी वाट बघत पडून राहीन. ते नको."

हे कुसुमने मला सांगितलं तेव्हा मी गृहपाठाच्या वह्या तपासत होतो. त्यानंतर एकही वही माझ्याकडून नीट तपासली गेली नाही.

हदगावला ताईंची भाची होती, संगीता. तिने मोबाइल पाठवला. मोठ्या आवाजाचा, मागे भलामोठा स्पीकर असलेला, बटणांचा. त्यात कार्ड घालून गाणी भरता येत. ताई मला म्हणाल्या, "सर, मला त्यातलं काही समजत न्हाई, तुमी चला." म्हणून आम्ही बसस्टँडजवळ अफसरभाईच्या दुकानात गेलो. अफसरभाई मोबाइल दुरुस्त करायचा आणि कॅसेटवरची गाणी कार्डात भरून द्यायचा. तोंडात कायम सुपारी. ताईंची कॅसेट त्याने एकदा उलटी, एकदा सुलटी करून पाहिली.

"एकच गाना? कार्ड में तो हजार बैठते, बाई."

"मला एकच पायजे."

त्याने भरून दिलं. मग स्वतःच्याच उत्साहात म्हणाला, "बाई, अलार्म को भी येइच गाना लगा देऊं क्या? सुबे-सुबे आपका मनपसंद गाना आपको उठाएगा."

ताई थबकल्या. "लागतं का तसं?"

"बराबर लगता. आजकल सब लोगां येइच कर रै."

ताईंच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणावं की नाही याचा मी विचार केला आहे. इतकं सांगतो, त्यांनी पदराने मोबाइल पुसला, जो अगदी नवा होता. परत येताना वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "बघा सर. आता मलाबी कुनीतरी उठवनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेचार इंचातून पेटीचे सूर आले, मग त्या बाईचा आवाज, गुरं येताहेत, ती मोजते आहे. मी जागा झालो, कुसुम जागी झाली. त्या दिवसापासून आमचं गजराचं घड्याळ आम्ही लावायचं बंद केलं, गरजच उरली नाही. दुधाची पिशवी लटकायची बंद झाली. ताई सकाळी अंगण झाडू लागल्या, स्वतःचं आणि आमचंही.

काही दिवसांनी त्यांनी मला पुन्हा अफसरभाईकडे नेलं.

"अफसर, गाय येईना गेली."

अफसरभाईने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "कौनसी गाय, बाई?"

"गान्यातली. हरवती, अन् तिथंच बंद पडतं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतं, पुन्हा हरवती. रोज सकाळी मी उठायचं ते गाय हरवून."

दुकानात चार्जर घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "मावशी, पोलीस ठाण्यात तक्रार द्या की."

"तू गप रे. तुझी म्हैस हाय का?" ताई म्हणाल्या आणि तो खरोखर गप्प झाला.

अफसरभाईने मोबाइल दाबून पाहिला आणि समजावून सांगितलं. अलार्म मिनिटभर वाजतो, मग थांबतो. कोणी बंद केला नाही तर जरा वेळाने पुन्हा वाजतो, पण पहिल्यापासून.

"पुन्हा पहिल्यापासनं काहून? जिथं थांबलं तिथून म्होरं वाजावं."

"मशीन को क्या मालूम, बाई, आप कां तक सुने?"

मी हिशेब मांडला. गाणं चार मिनिटांहून थोडं मोठं. वाजत होतं त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे पहिलं कडवं रोज, काही वेळा दोनदोनदा, आणि शेवटचं एकदाही नाही. अफसरभाईने तोडगा काढला. "आखरी का टुकडा काट के वोइच लगा देतूं. उठे के सीधा गाय घर पे."

ताई म्हणाल्या, "न्हाई. हरवल्याबिगर आली, तर आली काहून म्हनायचं तिला?"

"तो बाई, सुनो. अलार्म उठने के वास्ते रैता. सुनने के वास्ते दूसरा बटन है. आप उठो, फिर वो दबाओ, फिर आराम से सुनो."

हे त्याचं म्हणणंही वरवर पाहता बिनचूक होतं. ताईंनी तसं करून पाहिलं. पण उठल्यावर चूल, पाणी, अंगण. दुसरं बटण राहून जायचं. आणि भिंतीच्या अलीकडे मला एक फरक जाणवू लागला. आधी ताई गाणं मिनिटभर पूर्ण वाजू द्यायच्या. मग बाई मोजायला लागली की बंद. पुढे बाईचा आवाज येण्याआधीच बंद. शेवटी शेवटी पेटीचे पहिले दोन सूर यायचे आणि खट्. झोपेतला हात ते काम करू लागला होता.

मग नरसीला एका ओळखीच्यांकडचं लग्न होतं. आम्ही आणि ताई एकाच जीपने गेलो. मांडवात गाणारी पार्टी होती. पंगत बसली, आमच्या पानांत वरण-भात पडला, आणि पार्टीने ते गाणं सुरू केलं. मी कौतुकाने ताईंकडे पाहिलं. त्यांचा घास हातात होता. तो पानात ठेवून त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि पंगतीतून चालू लागल्या. भरल्या पानावरून. मांडवाच्या कडेला पाण्याच्या टाकीशी जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. तिथे त्यांना भान आलं असावं, कारण हातात पाणी तसंच धरून त्या उभ्या राहिल्या.

नवरीचा बाप घाबरून धावला. "ताई, काय चुकलं का आमचं? वाढपी काही बोलला का?"

"न्हाई न्हाई. तुमचं काहीच न्हाई चुकलं." त्या सारखं तेच म्हणत राहिल्या. परत येऊन बसल्या, पण जेवल्या नाहीत. गाणं पार्टीने पूर्ण म्हटलं. घंटेच्या जागी त्यांच्यातल्या एकाने ताटलीवर चमचा वाजवला, लोकांनी टाळ्या दिल्या. ताईंनी ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्या पानाकडे पाहत होत्या.

जीपमध्ये त्या कुसुमला म्हणाल्या, "गानं सुरू झालं अन् माझे पाय आपोआप खाली आले."

घरी आल्यावर त्यांनी दार लावून टेपरेकॉर्डरवर ते लावून पाहिलं. तेव्हा त्यांना पुरतं कळलं. दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी सांगितलं, "पेटी वाजली की छातीत धडधड होती. वाटतं, कुनाला तरी गाडीला जायचं हाय, अन् मी अजून घंटीच दिली न्हाई. बोट जातं बटनावर. थांबवावंच लागतं."

मी म्हणालो, "अलार्मला साधी घंटी ठेवू. गाणं काही दिवस ऐकूच नका. दोन गोष्टी रोज एकत्र आल्या म्हणून चिकटल्या आहेत. वेगळ्या ठेवल्या की सुटतील."

"किती दिवसांत?"

"ते मला सांगता येणार नाही."

"गनिताचे सर तुमी, अन् आकडा न्हाई?" त्या हसल्या. लग्नातल्या त्या प्रकारानंतर त्यांना मी तेव्हाच एकदा हसताना पाहिलं.

साधी घंटी ठेवली. सकाळ पुन्हा सुरळीत झाली, पण दुपारी पलीकडून काही येईनासं झालं. पूर्वी तिथून आठवड्याला एक गाणं यायचं. आमच्यासाठी ते एक गाणं होतं. त्यांच्या आठवड्यात बाकी काय होतं, याचा मी तोवर विचार केला नव्हता. बाजार, पेन्शन, पौर्णिमा, संगीताचा फोन. ते सगळं मिळून आठवडा भरत नाही.

बरेच दिवस थांबून एका दुपारी त्यांनी कॅसेट लावली. पेटी वाजली. मी जेवत होतो, कुसुम वाढत होती; आम्ही दोघेही थांबलो. बाई दारात आली, गुरं येऊ लागली, ती मोजू लागली. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मग खट् झालं.

"बंद केलं," कुसुम म्हणाली, आणि भाकरी वाढायची राहिली.

त्यानंतरही मधूनमधून प्रयत्न व्हायचा. कधी पहिल्या कडव्याच्या शेवटापर्यंत जायचं, कधी तितकंही नाही. त्यापुढे गेल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. मग प्रयत्नही थांबले. पलीकडची भिंत इतकी शांत झाली की कुसुम काही ना काही निमित्त काढून दिवसातून एकदा जाऊन यायची. ताई म्हणायच्या, "तू बघायला येतीस ना, मी हाय का म्हनून? हाय. जा, तुझी भाजी करपंल."

संगीता हदगावहून आली आणि त्यांना घेऊन गेली. मोठं घर, लहान लेकरं, माणसांचा राबता, तिथे बरं वाटेल असं तिचं म्हणणं. ताईंनी वाद घातला नाही. निघताना त्यांनी ती कॅसेट कुसुमच्या हातात दिली. "ठेव तुझ्यापाशी. मला ऐकवत न्हाई, अन् टाकवतबी न्हाई." घराला कुलूप लागलं. मधूनमधून त्या एकट्या येत, घर झाडून, आमच्याकडे चहा घेऊन, दुपारच्या बसने परत जात. बरं आहे का, विचारलं की म्हणत, "बरंय. लेकरं गोड हायत. त्यांची त्यांना शाळा हाय, संगीताला तिचं काम हाय."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वारंगा फाट्यावर. मी नांदेडहून हिंगोलीला परतत होतो. फाट्यावर बस थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. मी खिडकीशी होतो. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या हॉटेलपुढे बाकावर यमुनाताई बसलेल्या दिसल्या, पाय वर घेऊन, पिशवी मांडीवर. हिंगोलीच्या घरी येऊन परत निघाल्या असाव्यात; हदगावसाठी तिथे बस बदलावी लागते, आणि हदगावची बस त्यांच्यापुढे उभीच होती. माणसं चढत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात हॉटेलातल्या रेडिओवर पेटीचे सूर आले.

ताईंचे पाय खाली आले. मी ते स्पष्ट पाहिलं. चपला शोधून पायांत सरकवल्या गेल्या, पिशवीच्या बंदावर मूठ आवळली, त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. हदगावच्या बसचा कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, "हदगाव, हदगाव! ओ मावशी, चला, टाइम झाला!"

त्या तशाच अर्ध्या उठलेल्या राहिल्या. उठल्या असत्या तर बरोबरच होतं. बस त्यांचीच होती. मग त्या खाली बसल्या. हळूच, कोणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशा.

"मावशी, येता न्हवं? पुढची गाडी लई उशिरा हाय!"

त्यांनी एक हात वर केला. जा, असा. कंडक्टरने कपाळाला हात लावला, घंटी ओढली, आणि हदगावची बस धूळ उडवत गेली. गाण्यातली बाई मोजत होती. ताईंची बोटं पिशवीच्या बंदावर बटण शोधत होती, पण रेडिओ त्यांच्या हातात नव्हता. तो बंद करता येण्यासारखा नव्हता, आणि जाण्यासारखी बसही आता नव्हती. मी हाक मारली नाही.

माझा ड्रायव्हर आला, बस सुरू झाली. पहिलं कडवं संपून दुसरं लागलं होतं, शेजारणी दारं लावून घेत होत्या. माझ्या बाजूचा माणूस म्हणाला, "खिडकी लावा ओ, धूळ येती." मी लावली नाही. मान वळवून जितकं दिसेल तितकं पाहत राहिलो. गाणं शेवटपर्यंत वाजलं का, त्यांनी ऐकलं का, हे मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. बस वळली तेव्हा हॉटेलपुढची गर्दी ओसरली होती. त्या बाकावर एकट्याच होत्या. चपला खाली पडलेल्या होत्या, आणि पाय त्यांनी पुन्हा वर घेतले होते.